पोलिक्सेनीबाईंचे शब्द

ग्रीसमधल्या कावालाच्या बंदरामागे मासळीबाजार संपतो आणि रस्ता चढाला लागतो, तिथे एका दुसऱ्या मजल्यावर पोलिक्सेनीबाईंचा इंग्रजीचा क्लास होता. आमच्या गावात इंग्रजीचे क्लास गल्लोगल्ली आहेत. शाळा सुटली की पोरं घरी येतात, चार घास गिळतात आणि दुसरं दप्तर उचलून क्लासला पळतात. सगळ्यात वरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हातात नसेल तर मूल वाया गेलं, असं इथले आईबाप धरूनच चालतात. आणि त्या परीक्षेला बसायची वेळ आली की इतर क्लासांमधली मुलंसुद्धा उचलून बाईंकडे आणली जायची. कारण ती परीक्षा शब्दांची, आणि शब्द म्हणजे पोलिक्सेनीबाई.

बाईंचा जन्म मेलबर्नचा. वडील तिथे मोटारींच्या कारखान्यात होते. बाई शाळकरी असताना कुटुंब परत आलं. त्यामुळे इंग्रजी त्यांना शिकावंच लागलं नव्हतं, शिकावं लागलं होतं ते ग्रीक. पुढे त्यांनी इतकं ग्रीक कमावलं, की वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून मगच त्यात भाजीची सालं गुंडाळायच्या.

त्या एक शब्द घेत आणि त्याची भावंडं विचारत, मग वैरी विचारत. समानार्थी आणि विरुद्धार्थी असले रुक्ष शब्द त्यांनी वर्गात कधी काढले नाहीत.

"तुझा आजोबा कसा आहे रे?" त्या एखाद्याला उभं करत.

"फ्रुगल, बाई." म्हणजे काटकसरी.

"आणि तुझी आजी त्याला काय म्हणते?"

"चिकट!"

वर्ग हसायचा. "बघा," बाई म्हणायच्या, "माणूस तोच. भावंडांचे चेहरे सारखे असतात, स्वभाव नाही. चुकीच्या भावंडाला हाक मारली तर घरात भांडण लागतं."

मी, आरेती, त्यांच्याच हाताखाली शिकले. थेस्सालोनिकीहून पदवी घेऊन परत आले तेव्हा त्यांनी मला शेजारची खोली दिली आणि लहान मुलांचे वर्ग सोपवले. मधली भिंत इतकी पातळ होती, की मी खडू बदलेपर्यंत त्यांच्याकडचे दोन-तीन शब्द माझ्या कानावर पडून जात.

नेमकं कधी सुरू झालं ते आज सांगता येणार नाही. ईस्टरच्या जेवणाला मी त्यांच्या घरी होते. कोकराच्या मांसात मीठ कमी पडलं होतं. बाई नवऱ्याला म्हणाल्या, "ते दे जरा. साखरेचा वैरी." थ्रासोसकाकांनी हसत मीठ पुढे केलं. मीही हसले. शब्दांशी खेळणं हा बाईंचा स्वभावच होता, त्यात वावगं काय वाटणार?

वर्गातही तेच ऐकू येऊ लागलं. "ती भिंतीतली उजेडाची वाट उघड बघू." पोरं ओरडायची, "खिडकी, बाई!" "शाबास. आणखी काय म्हणता येईल?" हळूहळू सगळा तास कोड्यांचाच झाला. बाई वस्तूचं नाव घेतच नसत, तिच्याभोवती फिरत, आणि मुलं झडप घालून नाव पकडत. मुलांना ते इतकं आवडलं, की घरीही तसंच बोलू लागली. आईबाप कौतुकाने सांगायचे, बाईंनी नवी पद्धत काढली आहे म्हणून. मीसुद्धा ती माझ्या वर्गात आणली. दहा-अकरा वर्षांची पोरं डस्टरला "खडूचा मारेकरी" म्हणू लागली आणि मला वाटलं, वा!

त्या वर्षी डिसेंबरच्या परीक्षेला बसणाऱ्यांत मिर्सिनी नावाची मुलगी होती. शांत, जिद्दी, नखं कुरतडणारी. तिच्या आईचं, सेवास्तीचं, बदामाच्या बिस्किटांचं दुकान होतं. मिर्सिनीला आयर्लंडला शिकायला जायचं होतं आणि सगळं त्या परीक्षेवर अडलं होतं.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून मिर्सिनीचा आवाज आला. "बाई, रिलक्टंटचा वैरी?" रिलक्टंट म्हणजे मनातून तयार नसलेला.

"अनविलिंग," बाई म्हणाल्या.

पलीकडे पेनं थांबली. मीही थांबले.

"बाई, ते... ते तर भावंड झालं."

"काय म्हणालीस?"

"तोच अर्थ आहे ना, बाई. वैरी म्हणजे ईगर. उत्सुक."

"तू मला शिकवणार?" बाईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो तसा चढलेला ऐकला नव्हता. "लिहून घे मी सांगते ते. सगळ्यांनी लिहा!" आणि मुलांनी निमूटपणे चुकीचं लिहून घेतलं. पेनांची कुरकुर मला भिंतीतून ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी सेवास्ती पिठाने माखलेल्या ॲप्रनसकट जिना चढून आली.

"बाई, माझ्या पोरीचं बरोबर असताना तुम्ही तिला चारचौघांत झापलंत? रात्रभर रडली ती! उद्या परीक्षेत तुमचं ऐकून चुकीचं लिहिलं तर?"

मी मध्ये पडले. "सेवास्तीताई, बसा ना जरा. माणूस थकतं, एखादा शब्द—"

बाईंनी हाताने मला गप्प केलं. त्या अगदी शांत होत्या. माफी मागायचीच तयारी होती त्यांची, चेहऱ्यावर दिसत होतं. "सेवास्ती," त्या म्हणाल्या, "तुझी... तुझी मुलगी हुशार आहे. ही तुझी... कन्या. तुझं अपत्य. तुझी लेक. तुझ्या पोटची..." त्या थांबल्या. परत सुरू झाल्या. "तुझी आत्मजा..."

"चेष्टा करताय माझी?" सेवास्ती लाल झाली. "मी अडाणी आहे म्हणून?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "तुझी... तुझी संतती..."

सेवास्ती ताडताड जिना उतरून गेली. मी मात्र बाईंच्या डोळ्यांकडे बघत होते. चेष्टा करणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात. त्या एक नाव शोधत होत्या. रोज समोरच्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं नाव. ते सापडत नव्हतं, म्हणून त्याच्या जागी सापडेल ते सगळं देत होत्या. आणि मला एकदम तो साखरेचा वैरी आठवला, ती उजेडाची वाट आठवली. मी खुर्ची ओढून बसले.

थ्रासोसकाका रोज सकाळी धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात असत. थासोस बेटाच्या बोटीवर त्यांनी इंजिनाच्या खोलीत आयुष्य काढलं होतं आणि निवृत्तीनंतरही बोटीचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी समोर बसले आणि कसं बोलावं याची जुळवाजुळव करू लागले.

"पोलीबद्दल ना?" तेच म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"ती मला कॅप्टन म्हणायला लागली ना, तेव्हापासून." त्यांनी कपातला गाळ हलवला. "मला बरं वाटलं होतं गं. म्हातारपणी बायकोला लाड सुचतायत म्हटलं. मी कॅप्टन कधीच नव्हतो, पोरी. मी खाली, तेलात. पण म्हटलं, म्हणू दे. मग लक्षात आलं, की ती थ्रासोस म्हणतच नाही. म्हणजे तिला येतच नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात."



थेस्सालोनिकीच्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. त्याने बाईंना एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगायला लावले. बाईंनी असा झरा सोडला, की त्याचं पेन मागे पडलं. मग चित्रं दाखवली. गेंड्याच्या चित्राला बाई म्हणाल्या, "नाकावर शिंग घेऊन फिरणारा, कातडी जाड, नजर अधू, स्वभावाने चिडका. आमच्या गावचे महापौर." डॉक्टर खळखळून हसला.

"इतकी शब्दसंपत्ती मी कुठल्याच पेशंटकडे बघितली नाही," तो काकांना म्हणाला. "ताण दिसतोय. विश्रांती द्या. वर्षभराने या."

बाई पर्स उचलून उठल्यासुद्धा. काका उठले नाहीत. टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "माझं नाव विचारा तिला."

डॉक्टरला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण काकांचं तोंड बघून त्याने विचारलं. "बाई, यजमानांचं नाव काय?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. खूप मायेने बघितलं. ओठ हलले, थांबले. "हा माझा नवरा," त्या म्हणाल्या. "माझा जोडीदार. माझा... कॅप्टन."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. पुढच्या तपासण्यांच्या तारखा त्याच दिवशी ठरल्या आणि नाताळच्या आधी आजाराचं नावही कळलं. ते नाव बाईंच्या चांगलं लक्षात राहिलं, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या पहिल्या दिवशी परत येताना वाटेत आस्प्रोवाल्टाला आम्ही चहासाठी थांबलो. समुद्र करडा होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. काका गाडीत पेट्रोल भरायला गेले होते.

"मी त्याला फसवलं, आरेती," बाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"त्या पोराला. डॉक्टरला. तुम्हा सगळ्यांनाही. शब्द कुठे राहतो ते मला ठाऊक असतं बघ. त्याच्या शेजाऱ्यांची दारं वाजवते. शेजारी सगळे भेटतात, चहापाणी विचारतात. तो मात्र घरी नसतो." त्यांनी माझा हात धरला. "मला वाटायचं, इतके शब्द आहेत माझ्याकडे, एकदोन गेले तर कुणाला कळणार?"

"आम्हाला नाहीच कळलं, बाई."

"तेच तर वाईट झालं," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी वरच्या वर्गाला बसवलं आणि मलाही आत बोलावलं. मला वाटलं होतं, तब्येतीचं निमित्त सांगून निरोप घेतील. पण त्या उभ्या राहूनच बोलल्या.

"मुलांनो, माझ्या डोक्यातले शब्द चाललेत. हा आजार आहे. मी तुम्हाला काही गोष्टी चुकीच्या शिकवल्या असतील. आरेती सगळं पुन्हा तपासून घेईल, आजपासून ती शिकवेल." मग त्या मिर्सिनीच्या बाकापाशी गेल्या. नाव त्यांनी घेतलंच नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बरोबर होतीस. मी तुझ्यावर ओरडले. माझं चुकलं."

मिर्सिनी रडायला लागली. "बाई, तुम्हाला बरं वाटेल ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

इतकं सरळ उत्तर त्या मुलांना आजवर कुठल्या मोठ्या माणसाने दिलं नसावं. बाईंनी कोट चढवला, काका जिन्यात थांबलेच होते, त्यांचा हात धरून त्या उतरल्या. त्या पुन्हा तो जिना चढल्या नाहीत.

मिर्सिनी डिसेंबरात थोडक्यात नापास झाली. मे महिन्यात पास झाली आणि शरद ऋतूत आयर्लंडला गेली. सेवास्ती त्यानंतर दर सणाला बिस्किटांचा डबा घेऊन बाईंच्या दारात उभी राहायची. आत ये म्हटलं तर यायची नाही. "तुम्हीच द्या," काकांना सांगायची, "मी त्यांना काय काय बोलले," आणि डोळे पुसत निघून जायची.

पुढच्या हिवाळ्यात एका बुधवारी काका क्लासच्या दारात दिसले. टोपी हातात.

"मला शिकवशील?"

"काय?"

"इंग्रजी. भारीतलं."

मी हसले, पण ते हसले नाहीत. बाईंचं ग्रीक गेलं होतं. एकदम नाही, पण महिनाभरात होत्याचं नव्हतं झालं. मेलबर्नचं इंग्रजी तेवढं उरलं होतं, लहानपणी आधी आलेलं. आणि काकांना इंग्रजी यायचं ते इंजिनातलं. थांबा, हळू, पूर्ण वेगाने पुढे.

"काल मला म्हणाली पार्च्ड, पार्च्ड. मला वाटलं, थंडी वाजतेय. पांघरूण आणलं. ती पुन्हा म्हणाली, मी दुसरं पांघरूण आणलं. तशी ती रडायलाच लागली. मग शेजारणीच्या नातवाला फोन केला, त्याने कुठेतरी बघून सांगितलं. तहान लागली होती तिला. घसा कोरडा पडला होता." ते बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, त्यांचे गुडघे फळीला लागत होते. "पाणी म्हटली असती तर मला कळलं असतं गं. पण ती साधा शब्द कुठे म्हणते? आजूबाजूचा म्हणते. मला आजूबाजूचे सगळे शिकव."

म्हणून आम्ही तहानेपासून सुरुवात केली. मग थंडी, मग दुखणं, भीती, घर. एकेका घरातली सगळी भावंडं आणि त्यांचे वैरी. काकांचे उच्चार ऐकून लहान वर्गातली पोरं दाराआड खिदळायची.

"हसा, हसा," ते म्हणायचे. "माझी जीभ डिझेलवर चालते, गरम व्हायला वेळ लागतो."

"काका, गृहपाठ केलात का?"

"बाईसाहेब, बोट उशिरा आली."

पण गृहपाठ केलेला असायचा. अगदी व्यवस्थित, इंजिनाची नोंद ठेवावी तसा.

तो हिवाळा त्यांचा चांगला गेला, असं म्हणायला हवं. नाताळनंतर एकदा काका आले ते वर्गात न बसता खिडकीशी उभे राहिले.

"तिची सायकल होती, माहीत आहे तुला? हिरवी. मेलबर्नला. त्यांच्या गल्लीत निलगिरीची झाडं होती, त्यांच्या सालीचे ढीग पडायचे, त्यावरून ती सायकल न्यायची, खसखस आवाज करत. बापाने न विचारता विकली आणि बोटीत बसवलं. आख्ख्या प्रवासात ती बापाशी बोलली नाही." त्यांनी खिडकीच्या काचेवरची वाफ तळहाताने पुसली. "जन्मभर संसार केला आम्ही. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ग्रीकमधून तिने कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, ती आनंदाने परत आली."

"आता सांगते?"

"रोज. मी विचारतो, ती सांगते. कालचंच पुन्हा सांगते, पण मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो."

वसंतात तेही ओसरू लागलं. बाईंचे कठीण शब्द आधी गेले, मग मधले. पार्च्डच्या जागी साधी तहान आली, मग नुसतं वॉटर, मग काकांची बाही ओढणं. काका मात्र पुढे गेले होते. आता त्यांना एका दुःखाची कितीतरी नावं येत होती आणि कुठलं कुठे वापरायचं ते अचूक कळत होतं.

"तिच्यापेक्षा मला जास्त शब्द येतात आता," एका बुधवारी ते म्हणाले. "असं व्हायला नको होतं, पोरी."

मी फळ्याकडे वळले आणि बराच वेळ काहीतरी पुसत राहिले.

त्यानंतरही ते येत राहिले. बाई बोलायच्या थांबल्या, तरी बुधवार चुकला नाही. कशासाठी येता, असं मी कधी विचारलं नाही. घरी त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं आणि इथे निदान मी प्रश्न विचारायचे.

बाई फेब्रुवारीत गेल्या, उत्तरेचा वारा बंदरातल्या बोटी अडवून बसला होता त्या आठवड्यात. न्यूमोनिया झाला होता. शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा काका पलंगाशी बसून त्यांच्याशी हळूहळू इंग्रजीत बोलत होते, त्या जड, तेलकट उच्चारांत. गल्लीचं सांगत होते, झाडांच्या सालीचं. बाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांना ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे. अंत्यविधीला जुन्या विद्यार्थ्यांनी चर्च भरून गेलं. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये मृताच्या नावाने वाटतात ते साखरेचे गहू सेवास्तीने स्वतः शिजवले, कुणाला हात लावू दिला नाही.

चाळिसाव्यानंतरच्या बुधवारी काका आले. मी खडू घेतला.

"आज नको," ते म्हणाले. "मी सांगायला आलो होतो. आता बंद करू या."

"काका, इतकं छान येतंय तुम्हाला. परीक्षेला बसलात तर—"

"एका माणसाशी बोलायला शिकलो होतो." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "ते माणूस गेलं."

"मग कॉफीला तरी येत जा."

"येईन," म्हणाले. दोनतीनदा आलेही. मग नाही.

परवा जूनमध्ये मी धक्क्यावरून क्लासला चालले होते. ते नेहमीच्या दुकानाबाहेर बसले होते. पाठीवर पिशव्या घेतलेलं एक परदेशी जोडपं त्यांच्यापाशी थांबलं. त्या मुलीने इंग्रजीत विचारलं, थासोसची बोट कुठून सुटते आणि समुद्र आज खवळलेला आहे का? खवळलेला यासाठी तिने अवघड शब्द वापरला होता. तो आम्ही दोघांनी एका संध्याकाळी त्याच्या सगळ्या भावंडांसकट केला होता.

काकांनी तिच्याकडे बघितलं. क्षणभर वाटलं, बोलतील.

"नो इंग्लिश," ते म्हणाले आणि हातानेच बोटीची दिशा दाखवली.

ती दोघं आभार मानून गेली. काकांनी मला पाहिलं नव्हतं. पाच वाजत आले होते, वर मुलं जिन्यात दंगा करत असणार. मी त्यांना हाक न मारता चढाला लागले.